केशरबाईचं टोपलं

धामणखेड, ता. दर्यापूर
३ जानेवारी १९६५

ललिता,

वर 'आशीर्वाद' लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. तू अकोल्याच्या शाळेत मास्तरीण, चाळीस पोरं तुला उठून नमस्कार करत असतील. मी कोण तुला आशीर्वाद देणारी? 'नमस्कार' लिहायला गेले तर हात अडला. चौदा वर्षं या घरची सून आहे, हाताला तसं वळणच पडलंय. म्हणून नुसतं ललिता.

अक्षराला नावं ठेवू नकोस, ते तूच शिकवलेलं आहे. मी पंधरा वर्षांची नवी नवरी आणि तू बारा वर्षांची. आईबरोबर आमचा गोठा झाडायला यायचीस आणि मी अंगण सारवलं की ओल्या सारवणावर बोटाने अक्षरं काढून दाखवायचीस. सासूबाईंची चाहूल लागली की मी त्यावर हात फिरवायची. अख्खी बाराखडी मी शेणावर शिकले. हे यांना अजून ठाऊक नाही. यांना वाटतं मी माहेरूनच शिकून आले.

तुझं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं. का, ते मी विचारणार नाही. ट्रेनिंगसाठी निघालीस तेव्हा गोठ्याच्या फाटकाशी तू माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होतीस. "बाई, मायचं टोपलं चालू ठेवजा." मी हो म्हणाले होते. रोज गोठा झाडायचा आणि त्याचं एक टोपलं शेण घरी न्यायचं, हा तुझ्या आजीपासूनचा तुमचा हक्क. त्याच्या गोवऱ्यांवर तुमची चूल पेटायची.

ते टोपलं बंद झालं, ते गोबर गॅस आल्यावर. आता यांच्या पुढे मी काय बोलणार? हे गावचे सरपंच. घरातही सरपंचच. यांनी गोठ्यामागे विहिरीएवढा खड्डा खणवला, त्यावर लोखंडाची टाकी पालथी घातली आणि तिथून स्वयंपाकघरात नळी आणली. शेण जाळायचं नाही, लाकूड जाळायचं नाही. गॅस निघून गेल्यावर उरलेला काला शेतात खत म्हणून जातो. पंचक्रोशीत अशी टाकी दुसरी नाही. माझा दमा तुला माहीत आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाईला चुलीपाशी बसवाल तर फार दिवस नाहीत. यांनी महिन्यात काम सुरू केलं. हेही खोटं नाही.

तुझ्या आईच्या डोळ्याचं फार वाईट झालं. अपघात कोणाच्या हातात असतो? ती रोज येते, गोठा झाडते. तब्येतीने बरी आहे.

दोन ओळी तरी लिही.

कौशल्या

१७ जानेवारी १९६५

ललिता,

उत्तर नाही. नसू दे. पोस्टमन सहदेव मंगळवारी आणि शनिवारी येतो. मी त्याला मागच्या दाराशी गाठते, म्हणजे यांच्या हाती पत्र पडायला नको. त्याला वाटतं माझं काहीतरी माहेरचं भांडण आहे.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बायका तिळगुळासाठी आल्या की शेगडीसाठी, कोण जाणे. सगळ्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभ्या. मी चावी फिरवून काडी लावली आणि निळी ज्योत फुरफुरली. कोणी म्हणालं, भाकरीला चुलीची चव नाही यायची. कोणी म्हणालं, शेणाची आग, देवाचा नैवेद्य चालतो का हिच्यावर? मी म्हटलं, चालतो. सारवलेल्या जमिनीवर देव बसतो ना, मग?

खिडकीतून तुझी आई दिसत होती. टाकीच्या कुंडीत शेण आणि पाणी कालवत होती, कोपरापर्यंत हात बुडवून. डावा डोळा झाकलेला, त्यामुळे तिला मान सगळी वळवून पाहावं लागतं. मला वाटलं, तिने कालवलेलं शेण नळीतून थेट माझ्या स्वयंपाकघरात येतं, देवापर्यंत जातं. तिला मात्र चौदा वर्षांत मी उंबऱ्याच्या आत पाहिलेलं नाही. हे मी कोणापाशी बोलले नाही. तुला लिहिते आहे.

शेणाच्या बदल्यात आम्ही तिला पायलीभर ज्वारी जास्त देतो, हे तुला तिने सांगितलंच असेल. पहिल्यांदा दिली तेव्हा ती पदरात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जवारी देल्ली बाई, पण ते शिजवू कायच्यावर?" मी हसले. खरंच हसले गं. मला वाटलं, गंमत करते आहे.

काल पंचायतीत यांचं भाषण झालं. नाल्यावरच्या बाभळींवर. आपल्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात झाड म्हणजे तेवढंच, ते तुलाही ठाऊक आहे. सोळा बाभळी होत्या, तीन उरल्यात. हे म्हणाले, "मी माह्या घरचं धुपट बंद केलं. एक काडी जाळत नाही. पण या लोकाईले काही समजतच नाही, दिसलं झाड का घातली कुऱ्हाड." या लोकाईले म्हणजे तुमच्या वस्तीला. सगळ्यांनी माना हलवल्या. तेरा बाभळी कधीपासून तुटायला लागल्या, हे कोणी मोजलं नाही. मी मोजलंय. आमच्या गोठ्यातलं टोपलं थांबलं, मग त्याचं बघून दोघा-तिघांनी आपापल्या गोठ्यांतलं थांबवलं, म्हणे शेण खताला लागतं. बाभळी त्यानंतरच्या.

पण यांना कोण सांगणार? मी का?

कौशल्या

२६ जानेवारी १९६५

ललिता,

तुझं कार्ड मिळालं. वर्षभराने आलेलं कार्ड आणि त्यावर एकच ओळ. "टोपलं बंद करा असं आईला कोणी सांगितलं?" खाली सहीसुद्धा नाही. मास्तरीण शोभतेस.

तीन दिवस ते कार्ड मी पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. डबा उघडला की तेच. आज शाळेत झेंडावंदन आहे, हे तिकडे गेलेत. घरात मी एकटी आहे. लिहून टाकते.

मी सांगितलं.

यांनी नाही. यांच्या तोंडून टोपल्याचा शब्दही निघाला नव्हता. त्रेसष्टच्या डिसेंबरात अमरावतीहून साहेब लोक टाकी पाहायला येणार होते. आमची टाकी मुळात आठ जनावरांच्या मानाने मोठी. मिस्त्री लहान बांधा म्हणत होता, पण सरपंचाला लहान कशी शोभेल? त्यामुळे ती कायम उपाशी. त्यात थंडी पडली की गॅस धरत नाही आणि टाकी खड्ड्यात बसते. हे एवढंच म्हणाले, "पाहुणे येतीन तवा टाकी वर दिसली पाह्यजे." बाकीचं माझं. सकाळी फाटकात उभी राहिले आणि तुझ्या आईला म्हटलं, केशरबाई, आठ दिवस टोपलं नको नेऊस. फक्त आठ दिवस.

पाहुण्यांसाठी म्हटलं, पण तेही पुरतं खरं नाही. थंडीत संध्याकाळच्या स्वयंपाकाला गॅस पुरत नव्हता, आणि चुलीपाशी बसलं की छाती आवळायची. मला एकदा मोकळा श्वास मिळाला होता, ललिता. तो सोडवेना. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. आठवा दिवस झाला. नवव्या दिवशी तुझी आई टोपलं घेऊन आली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी गव्हाणीतल्या कडब्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने तिने शेण उचललं आणि स्वतःच टाकीच्या कुंडीत नेऊन ओतलं. त्या दिवशी एक शब्द बोलायचा होता मला. नाही बोलले. दहाव्या दिवशी मग बोलायला तोंड उरलं नाही.

महिन्याने ती उजाडायच्या आत आमच्याच वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला गेली. चुलीसाठी, कोणी पाहू नये म्हणून अंधुकात. जोर लावून उपटताना शेजारच्या पऱ्हाटीचं टोक डोळ्यात गेलं. तू तिला मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीत बसवून अकोल्याला नेलंस, तेव्हा मी फाटकापर्यंतही आले नाही. पहिल्या पत्रात मी 'अपघात' लिहिलं. ते खोडून टाक.

आता तुला कळलं. मलाही लिहिताना पुरतं कळलं.

कौशल्या

७ फेब्रुवारी १९६५

ललिता,

पत्र टाकलं त्याच सकाळी मी गोठ्यात गेले. तुझी आई झाडत होती. मी म्हटलं, केशरबाई, आजपासून तुझं टोपलं ने. तिने खराटा भिंतीला टेकवला, मान वळवून मला एका डोळ्याने पाहिलं आणि विचारलं, "आठ दिवस झाले काय?"

मला जमीन फाटावी असं झालं. मी म्हटलं, झाले.

"मालकाले इचारलं?"

"विचारीन."

"पहा बाई. मांगून माह्यावर चोरीचा आळ नाई पाह्यजे." एवढं बोलून तिने टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि भर रस्त्याने गेली.

तेव्हापासून रोज नेते आहे. मी यांना अजून विचारलेलं नाही. रोज ठरवते, सकाळी चहा देताना सांगू, मग जेवताना सांगू, आणि जेवण होऊन जातं. टाकी रोज बोटभर खाली बसते. काल हे तिच्याभोवती दोन चकरा मारून आले. "काहून वं, टाकी बसून राह्यली?" मी म्हटलं, थंडी. फेब्रुवारीत कसली थंडी? यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं झालं.

वीस तारखेला पंचायत समितीचे सभापती वामनराव येणार आहेत, बरोबर दहा-बारा मंडळी. यांना पुढच्या निवडणुकीत समितीवर जायचंय, म्हणून त्यांचा जीव त्या टाकीत. मांडव घालायचं चाललंय. वीस तारखेआधी टोपलं थांबवलं तर टाकी वर येईल. म्हणजे पुन्हा आठ-दहा दिवस. ते शब्द माझ्या जिभेवर येऊन बसतात.

रात्री छाती वाजते. मला दोन्हीकडून धरल्यासारखं झालंय. यांनी ती टाकी माझ्यासाठी बांधली. वाईट माणसाने बांधली असती तर मी कधीच बोलले असते.

कौशल्या

२१ फेब्रुवारी १९६५

ललिता,

काल झालं.

मी टोपलं थांबवलं नाही. सांगितलंही नाही. यांच्यापुढे तोंड उघडायला जमलं नाही म्हणून मी ते टाकीवर सोपवलं, असं म्हण. याला धीर म्हणत नाहीत, हे मला कळतं.

मंडळी आली, मांडवात भाषणं झाली. हे म्हणाले, आपल्या घरचा धूर ही आपली जबाबदारी, दुसऱ्याकडे बोट दाखवून भागत नाही. बोलणं काही खोटं नव्हतं. मग सगळे टाकी पाहायला आले. टाकी गुडघाभरच वर होती. हे हसून म्हणाले, चला, चहा पाहा कसा होते ते. सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी. मी चौदा माणसांचं आधण ठेवलं आणि काडी लावली. ज्योत आली. पाणी कोमट होईपर्यंत टिकली, मग पिवळी झाली, एकदा उसळली आणि गेली. मी चावी पुरती फिरवली. काही नाही.

वामनराव हसले. "भगवंतराव, तुमच्या जनावराइले बद्धकोष्ठ झालं काय?" सगळे हसले. हे नाही हसले. म्हणाले, "काहून वं?"

मग माझ्या तोंडून निघालं. डोक्यावरचा पदर सावरत, शेगडीकडे पाहतच बोलले. म्हटलं, केशरबाईचं टोपलं मी पुन्हा चालू केलंय. गोठा झाडण्याचा तिचा हक्क आहे. तो मी तोडला होता. म्हणून ती पऱ्हाट्यांना गेली आणि तिचा डोळा गेला. नाल्यावरच्या बाभळीही त्यापायीच तुटल्या. आपल्या घरचा धूर आपण तिच्या घरी पाठवला.

वामनराव म्हणाले, "हक्काचं असन तर देल्लंच पाह्यजे, सरपंच." चौदा माणसांसमोर हे दुसरं काय बोलणार? म्हणाले, "देल्लं. आजपासून पक्कं." दाराशी उभ्या लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. यांच्याच नावाच्या.

मंडळी गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुह्यासाठी बांधलं होतं," एवढंच म्हणाले, आणि गेले.

कौशल्या

जयभीम.
१४ मार्च १९६५

ललिता,

टोपलं चालू आहे. ते आधी लिहिते.

बाकी घरात हुकूम निघाला. एक टोपलं गेलं म्हणजे गॅस कमी, तेव्हा जेवढा निघेल तेवढा बैठकीत. नळी फिरवून तिकडे नेली. आता तिथे गॅसबत्ती जळते आणि पाहुण्यांचा चहा होतो. "तुले धूर वाटून घ्याचा होता नं? घे मंग," हे म्हणाले. स्वयंपाकघरात माझी जुनी चूल मी पुन्हा घातली. सरपण म्हणून यांनी नाल्यावरच्या उरलेल्या तीन बाभळी तोडून आणवल्या. ज्यांच्यासाठी भाषण झालं, त्याच. ओल्या आहेत अजून, अंगणात पडल्यात.

ओली बाभूळ पेटत नाही, नुसती धुमसते. गेल्या सोमवारी फुंकणीने फुंकता फुंकता मला अशी उबळ आली की श्वास आतही जाईना, बाहेरही येईना. मी चुलीपाशीच आडवी झाले. बाहेर खराट्याचा आवाज थांबला. मागच्या दाराशी तुझी आई येऊन उभी राहिली. "बाई? अजी बाई!" मला उत्तर देता येईना.

आणि मग ती आत आली.

थबकली नाही, विचारलं नाही. उंबरा ओलांडून आली, मला काखेत धरून उठवलं आणि दाराच्या वाऱ्याला भिंतीशी टेकवून बसवलं. चुलीतलं ओलं लाकूड ओढून बाहेर फेकलं. घरी जाऊन पदरात वाळल्या गोवऱ्या घेऊन आली आणि चुलीपुढे अशी बसली जशी चूल तिचीच. "इस्तो असा घालतात काय? चूल पेटवाले बी इसरल्या तुमी." मला थोडा श्वास आला तेव्हा मी म्हटलं, केशरबाई, तेव्हा टोपलं मीच बंद केलं होतं. मालकांनी नव्हे.

ती गोवरी मोडत होती. म्हणाली, "मले तवाच मालूम होतं, बाई. फाटकात तुमीच तं उभ्या होत्या."

वर्षभर मी जे लपवलं ते फक्त माझ्यापासूनच लपलं होतं.

हे वावरातून आले तेव्हा ती तव्यावर भाकर टाकत होती. हे दारातूनच मागे फिरले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराला आतून कुलूप होतं, आणि किल्ली यांच्या बंडीच्या खिशात. मी विचारलं तर म्हणाले, जनावरं घुसतात.

म्हणून आता मी आणि चूल, आणि मध्ये एक खिडकी. अमरावतीच्या डॉक्टरांकडे न्या असं मी म्हटलेलं नाही, यांनीही काढलेलं नाही. कधी कधी रात्री हे बैठकीतल्या उजेडात एकटेच बसलेले असतात आणि माझा खोकला सुरू झाला की बत्ती बारीक करतात. का, ते मला कळत नाही. लाजत असतील. मीही लाजतेच की. एका घरात दोघं जण लाजत बसलोय आणि कोणी किल्ली काढत नाही.

तुझी आई रोज गोठा झाडते, टोपलं भरते आणि जाताना खिडकीच्या गजांतून दोन वाळल्या गोवऱ्या आत ठेवते. मी म्हटलं, नको, तुझ्या चुलीला लागतील. म्हणाली, "माह्या हक्काच्या हायेत. मी कोनाले बी देईन." दोन गोवऱ्यांत माझी एका वेळची भाकर होते, धूर कमी होतो. टाकी बांधली तेव्हा मला वाटलं होतं, धूर संपला. आता कळतं, तो कोणाच्या तरी घरात असतोच. निदान आता कोणाच्या घरात आहे ते मला दिसतं.

हे पत्र लिहिते आहे हे तिला सांगितलं. खिडकीशी उभी राहून तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: "लल्ले, टोपलं भेटलं. डोयाचं आता सोड. बाईले उत्तर लिवजो." मग विचारलं, वर काय लिवलं? मी म्हटलं, काही नाही, नुसतं ललिता. ती म्हणाली, "असं कसं? पयले जयभीम लिवा." तोवर कागद भरत आला होता. तारखेच्या वर थोडी जागा होती, तिथे लिहिलंय. हात अडला नाही.

उत्तर लिही किंवा नको लिहू. पण आईला भेटायला सुटीत येशीलच. माझ्याकडे आलीस तर एक लक्षात ठेव. मागच्या दाराला कुलूप आहे. तुला पुढच्याच दाराने यावं लागेल.

तुझी,
कौशल्या